'फाइन' म्हणजे ठीक की दंड? पाचपाखाडीतल्या एका मेसेजचं प्रकरण

प्रकरण एका शब्दाच्या मेसेजचं आहे. ठाण्यातल्या पाचपाखाडीत आमची चार मजली सोसायटी, खाली स्टिल्ट पार्किंग आणि त्याच्या कोपऱ्यात मीटर रूम. जून लागला तसा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ट्रेझररला मेसेज टाकला की माझी स्कूटर मागे उघड्यावर असते, पाणी जाऊन स्टार्टच होत नाही, तर पावसाळा संपेपर्यंत मीटर रूमच्या समोर लावतो, चालेल ना? ट्रेझररचं उत्तर आलं, "फाइन". बस, एवढंच.

काकांनी वाचलं, ठीक आहे, लावा. ट्रेझरर दादा म्हणतात मी लिहिलं होतं की फाइन लागेल. आणि त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं, कारण मीटर रूमच्या दारावर प्रिंट काढून चिकटवलेलंच आहे, "येथे गाडी लावू नये. फाइन रु. २००". म्हणजे त्या जागेच्या बाबतीत बिल्डिंगमध्ये हा शब्द आधीपासून पैशाच्याच अर्थाने फिरत होता. दादांचं असंही म्हणणं की मला दिवसाला पन्नास मेसेज येतात, प्रत्येकाला निबंध कुठे लिहीत बसू, आणि जागा मीटर रूमसमोरची आहे, उद्या शॉर्ट सर्किट झालं तर तिथे उभं राहायला जागा नको का. हा मुद्दा खरा आहे, ती जागा मोकळीच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही.

पण पुढे जे झालं ते जास्त विचित्र. जुलैच्या मेंटेनन्स बिलात सिंकिंग फंडाच्या खाली एक नवीन ओळ आली, "फाइन – २००". काका खाली येऊन बोलले, थोडी बाचाबाची झाली, शेवटी ते म्हणाले वाद नको. गाडी काढून परत मागे नेऊन लावली, चेक दिला आणि सोबत पत्र दिलं की सदर विषयाचे फुल अँड फायनल म्हणून २०० रुपये भरत आहे. दादांनी चेक घेतला, पावती दिली. ऑगस्टच्या बिलात परत "फाइन – २००". सप्टेंबरच्या बिलात परत तेच, आणि वर न भरलेल्या दोनशेवर व्याज. गाडी तिथे नाही, पैसे एकदा भरलेत, आणि ओळ काही बिलातून जायला तयार नाही. विचारलं तर उत्तर असं की सॉफ्टवेअरमध्ये तो हेड दर महिन्याचा म्हणून टाकलाय आणि कमिटीने "लावलेला फाइन काढा" असा ठराव केलेला नाही.

ऑक्टोबरच्या मीटिंगमध्ये हे फुटलं. मी ट्रान्सलेशनचं काम करते, जास्त करून प्रॉपर्टीचे आणि कोर्टाचे कागद, म्हणून सेक्रेटरी ताईंनी मला विचारलं की तुम्हीच सांगा, या शब्दाचा नक्की अर्थ काय, म्हणजे एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. मी कमिटीला एक पानभर टिपण दिलं. इथे तेच सविस्तर लिहितेय, कारण हा घोळ एकट्या आमच्या बिल्डिंगचा नाही, ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीचं बिल काढून बघा, फाइन नावाच्या ओळीत काय काय कोंबलेलं असतं ते.

मीटिंगमध्ये बहुतेकांचा समज असा होता की हे दोन वेगळे शब्द आहेत, एक छान-ठीक वाला फाइन आणि एक दंडवाला फाइन, योगायोगाने उच्चार एक झालाय. इंग्रजीत असे योगायोग असतातही, त्यामुळे समज चुकीचा असला तरी वेडगळ नाही. पण इथे तसं नाहीये. दोन्हीची आजी एकच, लॅटिनमधला 'फिनिस' हा शब्द. अर्थ हद्द, सीमा, शेवट. रोमन लोक त्याचं अनेकवचन प्रदेशाच्या हद्दींसाठी वापरायचे. लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंचमध्ये 'फिन' झाला, आणि १०६६ साली फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर राज्यकारभार आणि कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच आणि लॅटिन झाली तेव्हा असे शेकडो शब्द इंग्रजीत घुसले त्यात हाही आला. आल्यानंतर मात्र त्याने दोन वाटा धरल्या.

पैशाची वाट आधी घेते, कारण आमचं घोडं तिथे अडलं होतं.

मध्ययुगातल्या कायद्याच्या लॅटिनमध्ये 'फिनिस' म्हणजे वादाचा शेवट, तडजोड, आणि मग ती तडजोड करण्यासाठी दिलेली रक्कम. लक्षात घ्या, शिक्षा नाही. दोघांत भांडण आहे, एकाने दुसऱ्याला काही दिलं, विषय संपला, आणि संपवण्यासाठी जे दिलं त्यालाच 'शेवट' म्हणायला लागले. राजाशीही लोक 'फिनिस' करायचे. म्हणजे एखाद्या सरदाराला वारसाहक्काची जमीन ताब्यात घ्यायचीय, एखाद्या विधवेला स्वतःच्या मर्जीने लग्न करायचंय, कोणाला गावात बाजार भरवायची परवानगी पाहिजे, तर राजाला इतके इतके पैसे देईन असं ठरवायचं आणि ते ठरलेलं एका गुंडाळीत नोंदवलं जायचं. तेराव्या शतकातल्या, तिसऱ्या हेन्री राजाच्या काळातल्या अशा गुंडाळ्या आजही आहेत, त्यांना फाइन रोल्सच म्हणतात. त्यात फाइन भरणारा माणूस गुन्हेगार नाही, सौदा करणारा आहे.

मग गुन्ह्याबद्दल पैसे घ्यायचे त्याला काय म्हणायचे? त्याला वेगळा शब्द होता, 'अमर्समेंट', तोही फ्रेंचमधून आलेला, मूळ अर्थ असा की हा माणूस आता आमच्या दयेवर आहे, आम्ही म्हणू तेवढं द्यायचं. ह्यात मनमानी फार व्हायची, म्हणून १२१५ च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या राजाच्या सनदेत त्याच्यावर खास कलम आलं की गुन्ह्याच्या मानानेच रक्कम लावायची, आणि माणसाचं पोट चालायचं साधन शिल्लक ठेवायचं, व्यापाऱ्याचा माल सोडायचा, कुळाची शेतीची अवजारं सोडायची. पुढच्या शतकांत हळूहळू अमर्समेंट मागे पडलं आणि फाइन हाच शब्द शिक्षेच्या पैशाला चिकटला. का चिकटला हेही समजण्यासारखं आहे. तुरुंगात पडलेला माणूस राजाशी 'शेवट' करायचा, म्हणजे पैसे देऊन सुटका करून घ्यायचा, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती शिक्षाच दिसणार ना.

ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडलेला कागद म्हणजे 'फीट ऑफ फाइन्स'. फीट म्हणजे पाय. जमिनीच्या व्यवहारात दोन पक्ष कोर्टात उभे राहायचे, पुष्कळदा भांडण खरं नसायचंच, विक्री पक्की करायला मुद्दाम दावा लावायचे, आणि कोर्टापुढे तडजोड लिहिली जायची. एकाच चामड्याच्या कागदावर तोच मजकूर तीनदा, दोन प्रती वर शेजारी-शेजारी आणि तिसरी खाली आडवी, पायाशी. मधल्या मोकळ्या पट्टीत मोठ्या अक्षरात एक शब्द लिहायचे आणि मग त्या अक्षरांवरूनच सुरी नागमोडी फिरवून तीन तुकडे करायचे. वरचे दोन दोघा पक्षांना, पायाचा तुकडा सरकारी खजिन्यात. कोणी खोटी प्रत आणली तर तीन तुकडे जुळवून बघायचे, नागमोडी कडा आणि कापलेली अक्षरं बसली पाहिजेत. आपल्याकडे "एकदाचा तुकडा पाडा" म्हणतात, इथे अक्षरशः तेच करत होते. मजकुराची सुरुवात ठरलेली, "हेक एस्ट फिनालिस कॉन्कॉर्दिया", म्हणजे ही शेवटची तडजोड आहे. ११९५ पासून पायाचा तुकडा जपून ठेवायची पद्धत सुरू झाली ती १८३३ मध्ये कायदा करून ही व्यवस्था बंद करेपर्यंत चालली, आणि लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांचे गठ्ठे ठेवलेत. मी सेल डीड आणि रिलीज डीड भाषांतरित करते त्यात "याउपर कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही" ही ओळ येतेच येते. काम तेच, यापुढे या विषयावर कोणी कोणाच्या दारात यायचं नाही.

आता दुसरी वाट, ठीक-वाली. शेवट म्हणजे टोक, आणि टोक म्हणजे ह्याच्या पुढे जाताच येत नाही अशी अवस्था. जुन्या फ्रेंचमध्ये 'फिन' हे विशेषण झालं ते असं, पूर्णत्वाला पोचलेलं, उत्तम, शुद्ध. सोन्याला तो पहिल्यापासून लागत आलाय. गाळत गाळत गेलं की शेवटी जे उरतं ते फाइन सोनं. राम मारुती रोडवरच्या कुठल्याही सराफाकडून चोवीस कॅरेटचं नाणं घेतलं तर त्यावर बारीक अक्षरात ९९९ आणि फाइन गोल्ड असं उठवलेलं दिसेल, म्हणजे हजारात ९९९ भाग सोनं. दागिन्यावर ९१६ असतं ते बावीस कॅरेट. मीटिंगमध्ये एका वहिनींनी पर्समधून लक्ष्मीचं नाणं काढून दाखवलं, अगदी छोटं, प्लास्टिकच्या कार्डात पॅक केलेलं, आणि समोर टेबलावर काकांचं बिल. एका बाजूला फाइन म्हणजे सगळ्यात चोख आणि दुसऱ्या बाजूला फाइन म्हणजे दोनशे रुपये अधिक व्याज, दोन्हीकडे स्पेलिंग अक्षर न अक्षर सारखं. तिथे पहिल्यांदा लोकांना पटलं की हे एकाच घरातले असू शकतात.

शुद्ध म्हटल्यावर पुढचे अर्थ आपोआप येत गेले. जे गाळून घेतलं ते बारीक, म्हणून फाइन पावडर. बारीक म्हणून नाजूक कलाकुसर, आणि कुशल काम. चांगलं ते फाइन, मग हवा फाइन, मग तब्येत फाइन, आणि मग झिजत झिजत नुसता होकार, फाइन, चालेल. इतके उंचावरून खाली आलेले शब्द कमी असतील, ज्याच्या पुढे काही नाही इथून निघून चालतंय इथवर. मराठीत तो ह्या खालच्या टोकाच्या अर्थाने जास्त येतो, "रिपोर्ट फाइन आलाय", आणि मोठ्या माणसांच्या तोंडी कौतुकाने, "फाइन झालंय हं श्रीखंड".

भावंडं पुष्कळ आहेत. फायनल आणि फिनिश तर उघड आहेत. रिफाइंड तेल आणि रिफायनरी, शुद्ध करणे. डिफाइन म्हणजे हद्द आखून देणे. कन्फाइन म्हणजे हद्दीत कोंडणे. फायनान्स हा तर आमच्या प्रकरणाचा सख्खा भाऊ, जुन्या फ्रेंचमध्ये 'फिनेर' म्हणजे संपवणे, देणं चुकतं करणे, आणि त्यावरून फायनान्स म्हणजे देणं फेडणे, खंडणी भरून सोडवणे. कर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या नावात आज हा शब्द असतो, त्याचा जुना अर्थ कर्ज फिटणे असा आहे. मेणबत्तीचं पॅराफिनसुद्धा यातलंच, १८३० मध्ये रायखेनबाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव दिलं, कारण तो पदार्थ दुसऱ्या कशाशी फारसा संयोग पावत नाही, लॅटिनमध्ये 'पारुम' म्हणजे कमी आणि 'आफिनिस' म्हणजे शेजारचा, हद्दीला हद्द लागून असलेला, जवळचा. जिना पुसायचं फिनाईल मात्र ह्या घरातलं नाही, ते ग्रीकमधून आलंय, चकाकणे या अर्थाच्या शब्दावरून. आणि माशाचा फिनसुद्धा वेगळा, तो इंग्रजीचा जुना घरचाच.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फ्रेंच माणूस स्वतः दंडाला 'फिन' म्हणत नाही. तो 'आमांद' म्हणतो, सुधारणे या अर्थाच्या क्रियापदावरून, जिथून इंग्रजीत घटनादुरुस्तीचं अमेंडमेंट आलं. म्हणजे चूक केलीस, आता सुधार. आणि 'फिन' हे नाम फ्रेंचमध्ये आजही साधं शेवट याच अर्थाचं आहे. शब्द त्यांच्याकडून गेला, पण त्याचा दंड झाला तो इंग्लंडात.

आपला शब्द कुठून आला तेही बघायला पाहिजे, कारण कमिटीत एकाने लगेच सुचवलं की कशाला फाइन-बाईन, सरळ दंड लिहू. संस्कृतात दंड म्हणजे काठी. काठी हातात असणाऱ्याचा अधिकार, मग शिक्षा, मग शिक्षेचे पैसे. दंडुका, दंड थोपटणे, दंडात ताकद, सगळे त्याच काठीचे नातेवाईक. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दंडाचे तीन टप्पे दिलेत, पहिला ४८ ते ९६ पण (पण म्हणजे तेव्हाचं नाणं), मधला २०० ते ५००, वरचा ५०० ते १०००, म्हणजे कमाल-किमान ठरवून ठेवायची समज आपल्याकडेही खूप जुनी आहे. मराठेशाहीत तर निवाडा झाला की जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी घ्यायचे, दोन्ही सरकारात जमा. गुन्हेगारी हे तेव्हा दंडाच्या रकमेचं नाव होतं. म्हणजे फाइनचा उगम तडजोडीत आहे आणि दंडाचा काठीत. आज दोन्ही शब्द एकाच ओळीवर येऊन बसलेत आणि व्यवहारात आपण ते अदलाबदल करून वापरतो, ते चालतंही.

ट्रेझरर दादांनी इथे मला अडवलं आणि बरोबर जागी अडवलं. म्हणाले, आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडात काय अर्थ होता त्याने पाचपाखाडीतलं बिल का बदलायचं? शब्दाचा अर्थ लोक आज वापरतात तो. माझंही मत हेच आहे. शब्दाचं मूळ हे काही शब्दावरचं बंधन नाही, नाहीतर फायनान्स कंपन्यांना कर्ज देताच आलं नसतं. म्हणून मी टिपणात दोन प्रश्न वेगळे केले. पहिला, त्या मेसेजमधल्या फाइनचा अर्थ काय. हा निव्वळ वापराचा प्रश्न आहे, त्याला लॅटिन कशाला पाहिजे. समोरच्याने "चालेल ना?" असं विचारलंय, त्याच्या खाली एकटा "फाइन" आला तर मराठी माणूस तो होकार म्हणूनच वाचतो. दंड अभिप्रेत असेल तर आपण बोलताना सोबत क्रियापद घेतोच, फाइन लागेल, फाइन भरा, फाइन मारला, फाइन बसला. एकटा सुटा फाइन दंड म्हणून कोणी टाकत नाही, तो बोर्डवर चालतो, कारण बोर्डवर पुढे आकडा असतो. दारावरच्या कागदात २०० होते, मेसेजमध्ये नव्हते. त्यामुळे मेसेज काकांच्या बाजूने वाचला पाहिजे असं मी स्पष्ट लिहिलं. दादांचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही, पण लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं त्यापेक्षा वाचणाऱ्याच्या हातात काय पडलं ते बघायला लागतं, निदान पैसे मागायचे असतील तेव्हा तरी.

दुसरा प्रश्न, एकदा भरलेला फाइन परत परत लागू शकतो का. इथे मूळ शब्दाने मला रस्ता दाखवला, निर्णय मात्र आपल्याच कायद्यात आहे. भारतीय दंड संहिता १८६० सालची, तिच्या ६८व्या कलमात सरळ होतं की दंड न भरल्याबद्दल कोणी कैदेत असेल तर दंड भरल्याक्षणी ती कैद संपते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यातही आठव्या कलमात हे कायम आहे. मोटार वाहन कायद्याचं २०० वं कलम बघा, ज्याच्या जोरावर तीन हात नाक्याला सिग्नल तोडल्यावर मोबाईलवर चलन येतं आणि आपण ते ऑनलाइन भरतो. कायद्याच्या भाषेत ती तडजोडीची रक्कम आहे, आणि कलम म्हणतं की ती भरली की त्या गुन्ह्याबद्दल पुढे कारवाई करायची नाही. उद्या परत सिग्नल तोडला तर नवीन चलन, पण कालच्या सिग्नलचं चलन दर महिन्याला परत परत येत नाही. म्हणजे भरलं की विषय मिटला हा फाइनचा जुना गाभा आपल्या कायद्यात जिवंत आहे, त्यासाठी लॅटिन यायलाच पाहिजे असं नाही.

आणि सोसायटीच्या बाबतीत तर त्याहून सोपं. आदर्श उपविधीत, म्हणजे सरकारने सोसायट्यांसाठी आखून दिलेल्या नमुना नियमांत, दंड लावायचा अधिकार जनरल बॉडीचा, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेचा आहे, एकट्या कमिटीचा नाही, ट्रेझररचा तर नाहीच. आधी मेंबरला नोटीस, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, मग रक्कम, आणि एका आर्थिक वर्षात ५,००० रुपयांच्या वर नाही. आमच्याकडे दारावर कागद होता, नोटीस नव्हती, ठराव नव्हता. म्हणजे जुलैचे दोनशेसुद्धा मुळात नियमात बसत नव्हते. काकांनी शांततेसाठी भरले तो त्यांचा मोठेपणा.

व्याजाचं पण बघा. थकबाकीवर सोसायटी व्याज घेऊ शकते, उपविधीत कमाल दर वर्षाला २१ टक्के सरळव्याज. पण ते व्याज म्हणजे दंड नाही. उशिरा भरल्याबद्दलची ती भरपाई, त्यात कोणी नियम मोडलेला नसतो, नुसता उशीर झालेला असतो. आमच्या बिलात मात्र व्याजसुद्धा फाइनच्याच हेडखाली, मीटर रूमवालं फाइनही तिथेच, आणि चौथ्या मजल्यावरच्यांच्या भाडेकरूमुळे लागणारे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेससुद्धा वर्षभर तिथेच पडत होते, ज्यात तर नियम मोडण्याचा प्रश्नच नाही, फ्लॅट भाड्याने देणं हा काही गुन्हा आहे का. त्या बाईंना दर महिन्याला स्वतःच्या बिलात फाइन वाचून वाईट वाटायचं, त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, ह्या मीटिंगमध्ये बोलल्या. मला वाटतं सगळ्या प्रकरणात हे सगळ्यात वाईट होतं. काकांचे पैसे परत मिळतील, पण एखाद्या माणसाने वर्षभर आपण दोषी असल्यासारखं बिल भरत राहावं हे बरोबर नाही.

सरकारी मराठीत ह्या गोष्टींना नीट वेगळे शब्द आहेत, दंड, शास्ती, विलंब शुल्क, तडजोड शुल्क, व्याज. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर शास्ती असा शब्द वाचून लोक वैतागतात, पण निदान त्याला दुसरं नाव दिलंय हे चांगलंच आहे. फाइन हा शब्द सुटसुटीत आहे, तोंडात बसलाय, तो बोलण्यातून काढायची काही गरज नाही. बिलात मात्र तो एकाच कामाला वापरायचा, नियम मोडल्याबद्दल जनरल बॉडीने ठरवलेली रक्कम, दुसरं काही नाही.

शेवटी ठरलं ते असं. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दोन्ही ओळी आणि व्याज रद्द. जुलैचे दोनशे काकांच्या पुढच्या बिलात वजा करायचे. काका नको म्हणत होते, पण सेक्रेटरी ताईंनी ऐकलं नाही, म्हणाल्या मग ते पैसे मी कुठल्या खात्यात दाखवू. मीटर रूमसमोरची जागा पिवळ्या पट्ट्याने आखून कायमची मोकळी ठेवायची, ह्याला काकांनीच अनुमोदन दिलं. त्यांच्या स्कूटरसाठी मागच्या भिंतीलगत पत्र्याची छोटी शेड टाकायची, खर्च ते आणि अजून तीन टू-व्हीलरवाले मिळून करणार. पुढच्या जनरल बॉडीपुढे ठराव ठेवायचा की प्रत्येक वेळेची चूक वेगळी धरायची, प्रत्येकीला स्वतंत्र नोटीस आणि एकच रक्कम, आणि पावतीवर छापील ओळ, "या बाबतीत सोसायटीचे काही येणे बाकी नाही". ती ओळ मी लिहून दिली, फुल अँड फायनलऐवजी मराठीत असावी असा काकांचा आग्रह होता.

परवानगीचे मेसेज यापुढे ट्रेझररने नाही, सेक्रेटरीने द्यायचे, आणि त्यात "परवानगी आहे" किंवा "परवानगी नाही" हे पूर्ण वाक्य पाहिजे. दादांना हे सुरुवातीला जड गेलं, मग म्हणाले बरंच झालं, माझ्या डोक्याचा ताप गेला.

एवढं होऊन एक काम लटकलेलंच आहे. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइनचा हेड फोडून व्याज, नॉन-ऑक्युपन्सी आणि दंड असे तीन हेड करायचेत, आणि व्हेंडर म्हणतो चालू आर्थिक वर्षात जुन्या एंट्री हलवता येणार नाहीत, एप्रिलपासून करू. तोपर्यंत चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या बिलावर सेक्रेटरी ताई दर महिन्याला फाइन शब्दावर पेनने काट मारून वर हाताने "भाडेकरू शुल्क" लिहितात आणि बाजूला सही करतात.